खोल आहे म्हणून पडून आहे?

अरबी समुद्रातला लँटर्नफिश म्हणजे 'न वापरलेला साठा', असं कोणी म्हणालं की मला आमच्या धर्मापुरीकडचे बोअर आठवतात. तिथेही हेच लॉजिक! पाणी खोल आहे ना? मग घ्या अजून शंभर फूट. कित्येक बोअरमधून नुसता फुफाटा निघाला.

हा बोटभर मासा, अंगावर बारीक दिव्यांच्या रांगा. दिवसा २०० मीटरच्या खाली, जिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच, तिथे लपतो. रात्री वर येऊन बारीक जीव खातो, पहाटे परत खाली. अशा जीवांचे थर इतके दाट, की दुसऱ्या महायुद्धात सोनारला तो समुद्राचा तळच वाटला होता.

आता सांगा, हा 'पडून' आहे? कुपा, माकूल याच्यावर जगतात. वर खाल्लेला कार्बन तो रोज खोल नेतो, तेही फुकट. आणि आपण त्याचं करणार काय, तर कोळंबीच्या खाद्यासाठी भुकटी!

१९७० च्या दशकातल्या पाहणीवरून १० कोटी टनांचा अंदाज निघाला होता. अंदाजच तो! टेस्टिंग न करता आपण साधा कोडसुद्धा प्रॉडक्शनवर टाकत नाही.

आधी नीट मोजा, मग जाळी टाका. उलटा क्रम आमच्याकडे बघून झालाय.