आधी तोंड उघडा, मग फावडं उचला!

कॅन्टीनमध्ये राजकारणाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "सोड की बे, आधी सबमिशन बघ!" मित्रांनो, मला हे पटत नाही. कारण आहेत मोहन धारिया.

धारिया पुण्याचे काँग्रेसचे खासदार, इंदिरा गांधींच्या सरकारात राज्यमंत्री. जयप्रकाश नारायणांचं आंदोलन पेटलं तेव्हा 'त्यांच्याशी बोला' असा आग्रह त्यांनी धरला. मार्च १९७५ मध्ये मंत्रिपद गेलं. पुढे आणीबाणीत तुरुंगवास! १९७७ मध्ये पुणेकरांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं आणि ते केंद्रात वाणिज्यमंत्री झाले.

तिकडे स्लोव्हाकियात यान बुदाय यांनी साम्यवादी राजवटीत, १९८७ साली, ब्रातिस्लाव्हाच्या प्रदूषणावर अहवाल काढण्यात पुढाकार घेतला. १९८९ च्या क्रांतीत ते आघाडीवर होते. २०२० मध्ये पर्यावरणमंत्री झाले. धारियांचा प्रवास नेमका उलटा. सत्ता बघून झाल्यावर ते झाडांकडे, पाण्याकडे वळले. 'वनराई' संस्था काढली आणि २०१३ मध्ये जाईपर्यंत तेच काम केलं.

वनराई बंधारा आपल्यापैकी अनेकांनी एन.एस.एस.च्या कॅम्पात बांधलाय. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत नाल्यात रचायची. पावसाळा सरताना वाहतं पाणी अडतं, जिरतं, जवळच्या विहिरींना उतरतं. पुढच्या पावसात बंधारा वाहून गेला तर पुन्हा बांधायचा. डिझाइन सोपं आहे. अवघड आहे ते गावाला एकत्र आणणं!

कुणी म्हणेल, पोत्यांनी काय उजनी होणार आहे? नाहीच होणार. पण उजनी असूनही आपल्या जिल्ह्यात टँकर का लागतात? धरणाची भिंत इंजिनिअर बांधतो, पाणी कुणाच्या शेतात जायचं ते राजकारण ठरवतं. तिथे आपण गप्प बसलो तर आपली सगळी गणितं कागदावरच राहणार.

म्हणून यंदा कॅम्पला जाल तेव्हा पोती जरूर भरा. पण संध्याकाळी गावकऱ्यांसोबत बसून एवढं विचारा, "इथलं पाणी कोण वाटतं, आणि कसं?" कदाचित उत्तर आवडणार नाही. तरी विचारा. सबमिशन काय, रात्री जागून होतंच की!