बाकड्याला हात हवेत
उद्यानासाठी बाकडी खरेदी करताना नगरपालिकेच्या दप्तरी नग, लांबी आणि देणगीदाराचे नाव यांची नोंद ज्या काटेकोरपणे होते, त्याच काटेकोरपणे बसणाऱ्याच्या गुडघ्यांचाही विचार झाला असता, तर बिनपाठीच्या, बिनहातांच्या सिमेंटच्या लाद्यांना आसन ही प्रतिष्ठित संज्ञा खचित प्राप्त झाली नसती. वृद्धाची खरी परीक्षा उठताना होते; आणि उठण्याचे सारे शास्त्र सुमारे ४५ ते ५० सेंटिमीटर उंचीत, पुढच्या कडेपर्यंत आलेल्या भक्कम हातांत, आणि पावले किंचित मागे घेता यावीत म्हणून आसनाखाली राखलेल्या मोकळ्या जागेत सामावलेले आहे. शिवाजी पार्कचा कट्टा (ज्याच्या थोरवीविषयी शंका घेणे दादरमध्ये फौजदारी गुन्हा ठरावा) या कसोटीला लावला, तर तोही तरुणांचाच पक्षपाती ठरतो. चाकांच्या खुर्चीतून येणारा तर आपले आसन बरोबरच आणतो. त्याला हवी असते ती बाकड्याच्या शेजारी, वाटेत नव्हे, ९० सेंटिमीटर रुंद व १२० सेंटिमीटर लांब अशी सपाट फरसबंद जागा, म्हणजे सोबत्याशी खांद्याला खांदा भिडवून गप्पा मारता येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक स्थळे सुगम करण्याचा हुकूम दिला आहे खरा. परंतु दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून प्रवेशद्वाराशी बसवलेले फिरते फाटक चाकांच्या खुर्चीलाही तितक्याच निःपक्षपातीपणे अडवते, आणि मग आतले बाकडे कितीही शास्त्रशुद्ध असले तरी त्या माणसाच्या ते काडीच्याही उपयोगाचे राहत नाही.