पायांनी पाहिलेली गावे

एखादे गाव पाहावयाचे म्हणजे तेथील देऊळ, किल्ला आणि बाजारपेठ पाहावयाची, असे पुष्कळांना वाटते. मलाही पूर्वी तसेच वाटे. आता माझे मत निराळे आहे. गाव कळते ते पायी हिंडल्याने. आणि तेही ओळखीच्या आळीतून नव्हे, तर जेथे जाण्याचे आपल्याला कधी कारण पडत नाही, अशा वस्तीतून.

धाराशिवच्या शाळेतून मी दोन वर्षांसाठी मॉरिशस बेटावर मराठी शिकविण्यास गेलो होतो. हिंदी महासागरातील या लहानशा देशात मराठी शिकणारी मुले आहेत आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. याचे कारण पोर्ट लुई या राजधानीच्या बंदरावर सापडते. १८३४ पासून भारतातील करारबद्ध मजूर या बेटावर उतरू लागले. पुढे आप्रवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून ते उसाच्या मळ्यांकडे गेले. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले मराठी लोकही होते. २००६ मध्ये या घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला.

रविवारी मी ते शहर पायी पाहत असे. घाटाजवळच बँकांच्या उंच इमारती आणि झगमगती दुकाने आहेत. थोडे पुढे गेले की चिनी लोकांची पेठ आणि जुम्मा मशीद लागते. उत्तरेला रोश ब्वा नावाची कामकऱ्यांची वस्ती आहे. “तिकडे पायी जाऊ नका,” असे एका सहकाऱ्याने मला बजावले. “आपण कधी गेला होतात काय?” असे मी विचारले, तेव्हा ते गप्प राहिले.

मी गेलो. पत्र्याची घरे होती, दोऱ्यांवर कपडे वाळत होते, कोठूनसा ढोलाचा आवाज येत होता. विद्यार्थ्यांकडून शिकलेल्या मोडक्या क्रिओल भाषेत मी रस्ता विचारला. एका वृद्ध गृहस्थांनी अंगणात खुर्ची मांडली आणि न मागता पाणी आणून दिले. त्या वस्तीतील बहुतेकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले होते. १८३५ मध्ये तेथील गुलामगिरी कायद्याने बंद झाली आणि मळ्यांवरची त्यांची जागा भरण्यासाठी आपले लोक नेले गेले. ज्यांना मी परके समजत होतो, त्यांचा आणि आपला इतिहास एकाच उसाच्या फडात गुंतलेला होता.

धाराशिवला परतल्यावर मला एका मुलाची आठवण झाली. तो रोज उशिरा येई आणि मी त्याला वर्गाबाहेर उभा करीत असे. आता तो शाळेत दिसेना. मी गावाबाहेरच्या त्याच्या वस्तीत चालत गेलो. अर्ध्या तासाची वाट होती. हापशापाशी घागरींची रांग लागली होती. त्या रांगेत त्याची धाकटी बहीण उभी होती. ती म्हणाली, “गुरुजी, पाणी भरून झाल्यावर दादा शाळेत येत होता. आता तो आईबापांबरोबर ऊस तोडायला गेला.”

सातासमुद्रापलीकडच्या मजुरांच्या पायऱ्या मी मोजून आलो. आणि माझ्याच वर्गातील मुलाच्या घराची वाट इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हती! त्या मुलाला मी परत आणू शकलो नाही. मात्र त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, दर वर्षी शाळा उघडली की, मुले येत त्या प्रत्येक वस्तीत मी एकदा तरी पायी जाऊन येई.

कोणी म्हणेल, दुसऱ्यांच्या वस्तीत असे हिंडणे म्हणजे त्यांच्या गरिबीचा तमाशा पाहणे होय. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. गंमत पाहावयास जाणाऱ्याने घरीच बसावे. पण जो रामराम करतो, दिलेले पाणी पितो, विचारतो आणि ऐकून घेतो, तो पाहुणा असतो. त्याला कोणी हाकलीत नाही.

मुलांनो, तुमच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या मित्राचे घर कोणत्या रस्त्याने येते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? नसेल, तर येत्या रविवारी घरच्यांना सांगून त्याच्याबरोबर चालत जा. त्या वस्तीविषयी ऐकलेल्या गोष्टींतील किती खऱ्या होत्या, ते परत येताना तुमचे तुम्हीच ठरवा.