कात्री कोणाच्या हातात?

हॉलिवूडने १९३० साली स्वतःसाठी नीतिनियमांची संहिता लिहिली. परंतु १९३४ च्या मध्यापर्यंत ती बव्हंशी कागदावरच राहिली. त्या काळातील चित्रपट म्हणजे दारू, गुंड आणि तोकड्या कपड्यांतील नट्या, असे रसिक मंडळी सांगतात. आम्हाला त्यात आणखी काही दिसले.

‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ (१९३२) मध्ये कैदी बेड्यांसह दगड फोडतात. नायकाच्या बेडीवर घण घालून त्याच्या सुटकेची वाट मोकळी करणारा कैदी काळा आहे. ‘बेबी फेस’ (१९३३) मध्ये गोरी नायिका आपल्या काळ्या सोबतिणीला सोडायला तयार होत नाही. हे चित्रपट निर्दोष नव्हते. १९३२ च्याच ‘द मास्क ऑफ फू मांचू’ने चिनी माणसाला राक्षस केले. तरीही तेव्हा पडद्यावर सत्याला फट होती.

१९३४ मध्ये जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाने ती बुजवली. संहितेत गोऱ्या-काळ्यांचे शरीरसंबंध दाखवणे निषिद्ध होते आणि धर्मोपदेशकांची टिंगलही. १९३६ साली बाबासाहेब जातिअंताचा खरा उपाय आंतरजातीय विवाह असल्याचे लिहीत होते. तेव्हा अमेरिकेत तसे प्रेम पडद्यावर आणण्यासही मज्जाव होता. त्याच वर्षीच्या ‘फ्युरी’त झुंडीच्या तडाख्यात सापडलेला माणूस गोरा आहे. प्रत्यक्षात तेव्हा झुंडबळी बहुतांशी काळेच होते. याला नीती म्हणायचे काय?

कायद्यानेही साथ दिली. चित्रपट हा निव्वळ धंदा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये ठरवले. ती चूक १९५२ मध्ये दुरुस्त झाली. संहिता मात्र १९६८ पर्यंत टिकली.

हे आपल्याला परके नाही. एप्रिल २०२५ मध्ये परीक्षण मंडळाने ‘फुले’ चित्रपटातून महार, मांग, पेशवाई हे शब्द काढण्यास सांगितले. जात पाळलेली चालते, उच्चारलेली चालत नाही!

म्हणून कार्यकर्त्यांना एक विनंती. महापुरुषांची बदनामी झाली की आपणही बंदीची मागणी करतो. संताप रास्त आहे. निषेध जरूर करावा, खोट्याला पुराव्यानिशी उत्तर द्यावे, गुन्हा असेल तेथे न्यायालयात जावे. पण कात्री मागताना ती उद्या कोणाच्या हातात राहील, याचा विचार करावा. ती आजवर आपल्या हातात कधी आली होती?