बायोडिझेल धुतलेलं पाणी जाणार कुठे? उसाच्या चिपाडाचा पर्याय आणि त्यामागचा हिशेब

हॉटेलातल्या वापरलेल्या तळणाच्या तेलापासून बायोडिझेल करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. घोडं अडतं ते पुढे, स्वच्छ करताना. तेलात मिथेनॉल आणि थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तापवलं की साधारण 100 किलो तेलामागे 10 किलो ग्लिसरीन खाली बसतं आणि वर बायोडिझेल राहतं. पण त्यात साबण, उरलेलं मिथेनॉल आणि ग्लिसरीनचा अंश असतोच. ते तसंच इंजिनात गेलं तर फिल्टर चोंदतात. म्हणून मानक कडक आहे: मोकळं ग्लिसरीन 0.02 टक्क्यांच्या आत, सोडियम-पोटॅशियम मिळून किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत.

यासाठी बहुतेक लहान उत्पादक बायोडिझेल पाण्याने धुतात, तेही दोन-तीनदा. ते पाणी शेवटी गटारात जातं. पाणी न वापरता रेझिन किंवा मॅग्नेशियम सिलिकेटने गाळता येतं, पण तो माल विकत आणावा लागतो.

इथे उसाचं चिपाड कामाला येऊ शकतं. चिपाडातल्या सेल्युलोजवर सायट्रिक अॅसिडची प्रक्रिया केली की तंतूंवर आम्लगट बसतात. ते साबणातलं सोडियम-पोटॅशियम ओढून घेतात, ग्लिसरीनही तंतूंना चिकटतं. मात्र धातू काढून घेतलेल्या साबणाचं फॅटी अॅसिड होतं आणि ते बायोडिझेलमध्येच राहतं. आम्लतेचं मानक ग्रॅममागे 0.50 मिलिग्रॅम एवढंच. म्हणजे तेल खूप जळकं, साबण जास्त, तर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडणार. ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

दुसरा प्रश्न पैशाचा. कागदावर चिपाड ‘शेतीचा कचरा’ असलं तरी बेळगाव-कोल्हापुरात ते कचरा नाही. गाळलेल्या उसाच्या जवळपास 30 टक्के निघणारं बगॅस कारखान्याच्या बॉयलरमध्ये जळतं, त्यावर वीज होते. फुकट कोण देणार? शेतात पेटवलं जाणारं पाचट मात्र खरंच वाया जातं. प्रयोग करायचाच तर त्यावर करावा, गोळा करायची मजुरी धरून. शिवाय वापरलेले तंतू पुन्हा आम्लाने धुऊन ताजे करायचे म्हटलं तर सांडपाणी परत आलंच. एकदा वापरून जाळायचे, तर त्या राखेतल्या क्षारांचा बॉयलरला त्रास.

सन 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळायचं लक्ष्य आहे. उत्पादन वाढेल तसं धुण्याचं पाणीही वाढेल. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि पुढे कृष्णा कर्नाटकात शिरते. वरच्या अंगाला कुणी गटारात काय सोडलं, ते खालच्या गावांच्या नळाला येतं, मग राज्य कुठलंही असो. बेळगावात एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, सीमेच्या दोन्ही अंगांना कारखाने आहेत. पाचटाचे तंतू, इथलंच जुनं तेल आणि मानकाची चाचणी, एवढं एकत्र आणायला मोठा निधी लागत नाही. दोन्ही राज्यांची प्रदूषण मंडळं परवाना देताना धुण्याच्या पाण्याचा हिशेब मागायला तर आजही सुरुवात करू शकतात.