कॅम्पातली रात्र

"अब्बा, शुक्रवारी जुम्म्यानंतर निघायचं. डोंगरावर कॅम्पिंगला, एक रात्र." दुबईत मुलाकडे जाऊन आम्हांला चारच दिवस झाले होते. आमच्या ह्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "कॅम्पात मी 24 वर्षं काढली. तेव्हा राहायचे पैसे कंपनी भरायची. आता आपण भरायचे?"

सूनबाई हसली. मुलगा हसला नाही.

आमच्या माणगावकडच्या गावात दोन घरांआड एक माणूस आखातात आहे किंवा होऊन आला आहे. तिथे कॅम्प म्हणजे लेबर कॅम्प. "कॅम्पवर सुखरूप पोचलो" हे वाक्य किती पत्रांत वाचलंय मी! एका खोलीत खाली-वर पलंग, आठ-दहा माणसं, कॉमन किचन, आणि पहाटे दारात उभी राहणारी बस. दुबईच्या ज्या भागात असे कॅम्प दाटीने आहेत त्याला आपल्या लोकांनी नाव ठेवलंय सोनापूर. सरकारी नाव वेगळंच, मुहैसना. हे तिथे केटरिंगमध्ये होते. शेकडो माणसांचा भात रात्रीत शिजवायचा, पहाटे डब्यांत भरायचा. हे मला माहीत होतं. बाकीचं काय काय होतं ते मात्र त्या डोंगरावर कळलं.

डोंगर म्हणजे जबल जैस. रास अल खैमा या अमिरातीत, हजर पर्वतरांगेत. उंची 1,934 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ तीनशे मीटरने जास्त. पण कळसूबाईवर निदान पावसाळ्यात हिरवं असतं, इथे नुसता राखी-तपकिरी चुनखडीचा दगड. झाड असं नाहीच, कुठे घळीत एखादं बोरीबाभळीसारखं खुरटं. दुबईहून दोन तासांत माथ्याजवळ पोचता येतं. वळणावळणाचा रस्ता इतका गुळगुळीत की आंबेनळी घाट आठवून मला उगीचच लाज वाटली. वाटेत 2.83 किलोमीटरची झिपलाइन लागते, 2018 साली सुरू झालेली आणि तेव्हा जगात सर्वांत लांब ठरलेली. तारेला लटकून माणसं पलीकडे जातात. आम्ही लांबूनच पाहिलं. 1,484 मीटरवर एक रेस्टॉरंट आहे, ती उंचीच त्याच्या नावात घातलेली. तिथे चहा घेतला. चहाचा दर मी लिहीत नाही.

आमचा मुक्काम तंबूत होता. तंबू म्हणायचं, पण आत डबल बेड, गालिचे, हीटर, जोडलेलं न्हाणीघर आणि गरम पाणी. बाहेर लाकडी ओटा, त्यावर दिवे लावून मांडलेलं टेबल. एका रात्रीचे जेवणासकट 1,400 दिरहम. ह्यांनी तिथल्या तिथे हिशोब केला. रुपयांत 32 हजारांच्या वर. आणि 1991 साली पहिला पगार मिळाला तो 550 दिरहम. "अडीच महिने," एवढंच म्हणाले. मी मुलाला बाजूला घेऊन म्हटलं, ही उधळपट्टी आहे. तो म्हणाला, "अम्मी, एक रात्र राहू दे ना."

तंबूवर काळं कापड होतं, बदूंच्या तंबूसारखं दिसावं म्हणून. खरा बदू तंबू शेळीच्या केसांचा. कोरड्या दिवसांत त्याची वीण सैल राहते, धूर आणि हवा बाहेर जाते. पाऊस पडला की केस फुगतात, वीण घट्ट होते आणि पाणी सहसा आत येत नाही. पण तो वाळवंटातल्या लोकांचा. या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली शिहूह आणि हबूस ही माणसं दगडाच्या घरात राहायची. त्यांच्या एका प्रकारच्या घराला बैत अल कुफ्ल म्हणतात, कुलपाचं घर. जमीन अर्धी खोदून जाड दगडी भिंती, आणि दार इतकं बुटकं की वाकून सरपटतच आत शिरावं. आत धान्याचे मोठे रांजण, दारापेक्षा मोठे! आधी रांजण ठेवायचे, मग भोवती घर बांधायचं, म्हणजे ते चोरून न्यायची सोय नाही. हिवाळ्यात वर येऊन पावसाच्या पाण्यावर गहू-जव पिकवायचे आणि उन्हाळ्यात घराला कुलूप लावून खजूर आणि मासळीसाठी किनाऱ्याला उतरायचं. आजच्या कॅम्पांचं वेळापत्रकही तेच आहे. ऑक्टोबर ते एप्रिल हंगाम, उन्हाळ्यात बहुतेक बंद. फरक एवढाच की रांजण आता पिकअपमधून येतात.

रात्रीच्या जेवणाला जमिनीत भाजलेलं मटण होतं. ही पद्धत त्या सगळ्या मुलखात आहे. जॉर्डनच्या वादी रममध्ये तिला ज़र्ब म्हणतात: खड्ड्यात निखारे, त्यावर मांस आणि भाज्यांची जाळीची उतरंड, वरून झाकण आणि वाळू. पलीकडे ओमानमध्ये ईदला शुवा करतात, मसाला लावलेलं मांस पानांत गुंडाळून दिवसभर, कधी दोन दिवस, खड्ड्यात बंद. सूनबाईला मी म्हटलं, ही तर आपली पोपटीच. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही, तेही जमिनीच्या आणि विस्तवाच्या भरवशावर. मटण उत्तम होतं, अगदी हाडावरून सुटत होतं. पण आठ वाजता वारा सुटला. दिवे विझले, रुमाल उडाले, भात पाच मिनिटांत गार. वाढणारा नेपाळी मुलगा एका हाताने टेबलक्लॉथ धरून दुसऱ्या हाताने वाढत होता.

हे उठले आणि त्याच्यामागोमाग गेले. मला वाटलं तक्रार करायला. अर्ध्या तासाने मी बघायला गेले तर तंबूंच्या मागे, पत्र्याच्या आडोशाला, हे आणि तिथला मलबारी आचारी हॉटबॉक्सवर बसून चहा पीत होते. तिथे सगळं उघडं होतं. पाण्याची टाकी, ती भरायला टँकर खालून येतो. गॅसचे सिलिंडर खालून. सांडपाणी साठवायचं आणि गाडीनेच खाली न्यायचं, कारण या दगडात ते मुरत नाही आणि मुरू देताही कामा नये. न्हाणीघरातलं माझं ते ऐसपैस गरम पाणी कुणीतरी डोंगर चढवून आणलेलं होतं. कामाची पोरं रात्री आवरून खाली त्यांच्या कॅम्पवर जातात. त्यांचा शब्दही तोच.

परत आल्यावर आम्ही चौघं दुलया गुंडाळून ओट्यावर बसलो. हिवाळ्यात तिथे पारा दहाच्या खाली जातो; 2017 साली तर बर्फ पडलं होतं. आभाळ इतकं गच्च भरलेलं मी लहानपणी, गावात वीज यायच्या आधी पाहिलं होतं. आणि हे बोलायला लागले. पहिल्या वर्षी पलंग वरचा मिळाला, छताच्या पत्र्याला हात भाजायचा. मुलाच्या जन्माची बातमी पंधरा दिवसांनी पत्रातून कळली, तेव्हा रडायला जागा नव्हती, म्हणून कोल्डरूममध्ये जाऊन बसले. मुलगा खाली मान घालून ऐकत होता. त्याने ही रात्र का ठरवली होती ते मला तेव्हा उमगलं. उधळपट्टी हा शब्द मी मागे घेतला नाही, पण पुन्हा उच्चारलाही नाही.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी. कॅम्प ठरवताना दारू दिली जाते का ते आधी विचारा. रास अल खैमात हॉटेलांना परवानगी असते. आणि स्वतःचा तंबू लावणार असाल तर वादीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, कधीही लावू नका. जागा सपाट आणि मऊ दिसते, पण वर डोंगरात पाऊस झाला तर खाली कोरड्या आभाळाखाली लोंढा येतो. 2023 पासून पुराच्या वादीत गाडी घालणाऱ्याला 2,000 दिरहम दंड आहे आणि गाडीही जप्त होते.

फजरला हे माझ्या आधी उठले. किब्ला तिथेही पश्चिमेलाच, फक्त आपल्याकडे तो किंचित उत्तरेला झुकतो, तिथे दक्षिणेला. नमाज झाल्यावर पाहते तर ह्यांनी पलंग आवरायला घेतलेला. चादरीचे चारही कोपरे कॅम्पातल्या शिस्तीने आत खोचलेले. मुलगा दारात येऊन म्हणाला, "अब्बा, ते लोक करतील." "माहीत आहे," हे म्हणाले आणि दुलईची घडी घालत राहिले. मग त्याने दुसरं टोक धरलं.

उतरताना एका वळणावर गाड्या लावायला मोकळी जागा होती. तिथे कुटुंबंच्या कुटुंबं चटया टाकून बसली होती, कुणाची शेगडी, कुणाची कढई, पोरांचा क्रिकेटचा डाव. खर्च पेट्रोलचा. ह्यांनी गाडी थांबवायला लावली आणि चक्क उतरून कोण काय शिजवतंय ते पाहून आले. पुढच्या डिसेंबरात जायचं ठरतंय. पोपटीचं मडकं इथून न्यायचं की तिथे मिळेल, यावर घरात अजून वाद चालू आहे.