राखणदाराच्या हाती किल्ल्या

नरकचतुर्दशीला फराळाच्या ताटाकडे वळण्यापूर्वी पुष्कळ घरांत कारिट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावतात. हा लेख तसलाच एक थेंब आहे, वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

फराळाला जमलेल्या मंडळींत एक तरी गृहस्थ असा निघतोच, की जो चकली मोडता मोडता म्हणतो, "हा देश पाच-दहा वर्षे लष्कराच्या हाती द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील!" आणि बाकीचे माना डोलावतात. या गृहस्थांशी माझे भांडण आहे. ते दुष्ट नाहीत. कचेऱ्यांत खेटे घालून कंटाळलेले ते सज्जन आहेत. पण सज्जनांच्या कंटाळ्यावरच हुकूमशाही पोसली जाते, आणि ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, याची साक्ष देतो.

हा देश आपल्याला परका नाही. लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले ते मंडालेच्या तुरुंगात. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. परंतु स्वातंत्र्याचा शिल्पकार आँग सान त्याआधीच, १९ जुलै १९४७ रोजी, सहकाऱ्यांसह गोळ्यांना बळी पडला होता. पुढे कम्युनिस्टांचे बंड झाले, कारेन लोकांचे झाले, आणि १९५८ साली सत्ताधारी पक्षच दुभंगला. तेव्हा पंतप्रधान ऊ नू यांनी सेनापती ने विन यांना कारभार हाती घेण्यास सांगितले. मागे लष्कराचा दाब होता. पण कागदोपत्री ते निमंत्रणच होते, आणि संसदेने त्यावर शिक्काही मारला.

आता आमच्या गृहस्थांना आवडेल असा भाग ऐका. लष्कराने रंगूनचे रस्ते झाडून लख्ख केले, झोपड्या उठवून शहराबाहेर वसाहती बसवल्या, आणि १९६० साली निवडणुका घेऊन सत्ता परतही केली. "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो!" मी म्हणतो, ब्रह्मदेशाचा घात झाला तो याच यशाने. मतदार शहाणे होते. लष्कराच्या मर्जीतला पक्ष झिडकारून त्यांनी ऊ नूंनाच प्रचंड बहुमत दिले. झाडलेले रस्ते त्यांना हवे होते, पण झाडणारा धनी नको होता. परंतु एकदा किल्ल्यांचा जुडगा हाती आलेला राखणदार पुन्हा दाराबाहेर कसा बसणार? २ मार्च १९६२ रोजी तो निमंत्रणावाचून आत शिरला.

ऊ नूंचा कारभार आदर्श होता असे मी म्हणत नाही. बौद्ध धर्माला राजधर्म करण्याच्या हट्टाने त्यांनी अल्पसंख्य जमाती दुखावल्या. पण मताने आणलेले सरकार मताने घालवता येते. बंदुकीने आलेले कशाने घालवावे? ७ जुलै १९६२ रोजी रंगूनच्या विद्यार्थ्यांनी निषेध केला, तर लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या संघाची इमारतच सुरुंगाने उडवली. १९६३-६४ मध्ये बँका आणि दुकाने सरकारजमा झाली. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले लाखो भारतीय रिकाम्या हातांनी परतले. १९८७ साली २५, ३५ व ७५ क्याटच्या नोटा भरपाईविना रद्द झाल्या आणि नऊने भाग जाणाऱ्या ४५ व ९० च्या नोटा निघाल्या. नऊ हा म्हणे सेनापतींचा शुभ आकडा! एके काळी जगाला तांदूळ पुरवणाऱ्या या देशाची गणना त्याच वर्षी सर्वांत मागास राष्ट्रांत झाली. शिस्त, शिस्त म्हणतात ती हीच काय?

१९९० च्या निवडणुकीत आँग सान यांची कन्या सू की यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या. लष्कराने सत्ता दिलीच नाही. २००८ साली लष्कराने केलेल्या घटनेत संसदेच्या चतुर्थांश जागा लष्कराला राखलेल्या, आणि महत्त्वाची कलमे बदलण्यास तीन चतुर्थांशांहून अधिक मते हवीत! म्हणजे कुलूपही त्यांचे, किल्लीही त्यांचीच. डिसेंबर २०१९ मध्ये रोहिंग्यांच्या खटल्यात सू की हेगला जाऊन देशाच्या, पर्यायाने लष्कराच्या, बचावास उभ्या राहिल्या. त्याचे फळ काय? २०२० ची निवडणूक त्यांनी जिंकली, आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी, नवी संसद भरायची त्याच दिवशी, पहाटे लष्कराने त्यांना अटक केली. वाघाला थोपटल्याने तो माणसाळत नाही.

त्या दिवसांत रंगूनचे लोक रात्री घराघरांतून भांडी बडवू लागले. भुतेखेते पिटाळण्याची त्यांच्याकडची ही जुनी रीत. आपणही लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला बाहेर घालवतो. पण घरात ठाण मांडून बसलेली अलक्ष्मी नुसत्या आवाजाने निघत नाही. माणसांचे प्राण मागते. म्हणून चकली मोडणाऱ्या त्या गृहस्थांना माझे सांगणे एवढेच की, सरकारवर हवे तेवढे रागवा, पुढच्या मतदानाला त्याला घरी बसवा. पण राखणदाराला सरहद्दीवरच राहू द्या. त्याला मान द्या, पगार द्या, किल्ल्या देऊ नका.